शेवटच्या बाकाची बाजू

वाद घालण्याची आपली जुनी रीत आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा, आणि तो इतक्या सचोटीने मांडायचा की प्रतिपक्षानेच म्हणावे, "होय, आमचे म्हणणे नेमके हेच." त्यानंतर खंडन, आणि शेवटी मंडन. शाळेतल्या मोबाइलबंदीच्या वादात ही रीत पाळली जात नाही. कुणी सगळा दोष मुलांच्या माथी मारून मोकळे होतात, तर कुणी बंदीचे नाव काढताच मागासलेपणाचा शिक्का मारतात. यांतले दुसरे मत आज नागपुरातल्या सुशिक्षित पालकांत आणि शिक्षणावर बोलणाऱ्या मंडळींत अधिक प्रतिष्ठित आहे. ते चांगल्या हेतूने आणि चांगल्या भाषेत मांडले जाते, म्हणूनच ते कसून तपासले पाहिजे. मला ते चूक वाटते. त्या चुकीची किंमत जो मोजतो, तो या चर्चेत कधी बोलतच नाही. तो वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसलेला असतो.

माझा सिद्धान्त आधीच सांगतो. शाळेच्या वेळात विद्यार्थ्याचा फोन त्याच्या हातात, खिशात किंवा दप्तरात नसावा. आणला असेल तर तो शाळेत शिरताना जमा व्हावा आणि सुटताना परत मिळावा. हा नियम सर्व शाळांना लागू व्हावा. महानगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत तो सर्वांत आधी यावा. आता पूर्वपक्ष ऐकू.

प्रतिपक्षाचे मुद्दे पाच आहेत. पहिला: फोन हीच आजची पाटी. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले आहेत, 'दीक्षा' अॅप सरकारनेच दिले, आणि मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली तेव्हा 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' हे याच फोनच्या जोरावर म्हणता आले. ज्याने शाळा वाचवली त्यालाच शाळेबाहेर काढायचे? दुसरा: मुलांची, विशेषतः मुलींची सुरक्षितता. शहर पसरले आहे, आई-वडील दोघे कामावर असतात, आणि २३ सप्टेंबर २०२३ चा नागपुरातला अंबाझरी तलावाचा पूर कुणी विसरलेले नाही. तिसरा: समता. श्रीमंताच्या मुलाकडे संगणक, टॅब, शिकवणी सारे असते. गरिबाच्या मुलाकडे एकच फोन, आणि बंदी नेमका तोच हिरावते. चौथा: बंदीने संयम येत नाही. चोरून वापर होतो. पिसा २०२२ या आंतरराष्ट्रीय चाचणीत असे आढळले की ओईसीडी (मुख्यतः विकसित राष्ट्रांची संघटना) देशांतल्या फोनबंदी असलेल्या शाळांतही सरासरी २९ टक्के विद्यार्थी शाळेत दिवसातून अनेकदा स्मार्टफोन वापरत होते. मग नियम हवा कशाला? मुलांना विवेक शिकवा. पाचवा: न्यायालय आणि संशोधन दोन्ही बंदीच्या विरोधात आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सरसकट बंदी नाकारली, आणि त्याच वर्षी बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या अभ्यासात कडक आणि मोकळ्या शाळांतल्या मुलांत फरकच दिसला नाही.

यापेक्षा सबळ रूपात हा पक्ष मला मांडता आला नसता. आता एकेक मुद्दा घेऊ. न्यायाधीश वाचक आहेत.

फोन हीच पाटी, या मुद्द्यात एक शब्द गाळला आहे. पाटी कोणाच्या हातात? सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, त्यात पाठ्यपुस्तकांना जोडलेल्या क्यूआर कोडचा मोठा वाटा होता. त्या कामाकडे नीट पाहावे. तिथे आधी पुस्तक आहे, मग शिक्षकाने निवडलेला धडा आहे, आणि त्यानंतर यंत्र आहे. यंत्र शिक्षकाच्या योजनेत बसलेले आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी लोकवर्गणी काढून जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रोजेक्टर आणि टीव्ही बसवले, त्यामागेही हीच समजूत होती: एक पडदा, एक शिक्षक, आणि एकाच वेळी तिकडे वळलेले चाळीस चेहरे. चाळीस मुलांच्या हाती चाळीस पडदे दिले की शिक्षक कुठे उभा राहणार? क्यूआर कोड दाखवायला वर्गात एक यंत्र पुरते. उरलेले एकोणचाळीस कशासाठी हवे आहेत, याचे उत्तर प्रतिपक्षाने द्यावे.

त्या उत्तराची आकडेवारी उपलब्ध आहे. 'असर' या शिक्षण-पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांना विचारले गेले. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. यात मुलांना दूषण देण्यासारखे काही नाही. मोठ्यांना विचारले असते तर आकडे याहून वेगळे आले असते, असे मानायला मला आधार दिसत नाही. पण ज्या वस्तूचा ओढा अभ्यासापेक्षा करमणुकीकडे अधिक आहे, तिला वर्गात 'पाटी' म्हणून प्रवेश देता येत नाही. पाटीवर दर दोन मिनिटांनी कुणाचा निरोप उमटत नाही.

राहिला कोरोनाकाळाचा दाखला. त्या वर्षी फोन आला तो नाइलाजाने. तो सर्वांपर्यंत पोचत नव्हता, म्हणून तर सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका दाखवावी लागली. दुष्काळात टँकरने गाव जगवले, हे खरे. म्हणून विहिरीला पाणी लागल्यावरही टँकरच चालू ठेवायचा का? संकटातली सोय ही सुकाळातली पद्धत ठरत नाही.

सुरक्षिततेच्या मुद्द्यापुढे मी आदराने थांबतो, कारण त्यात आईबापांची काळजी आहे. पण काळजी खरी असली म्हणजे तिच्यातून काढलेला निष्कर्षही खरा ठरतो असे नाही. २३ सप्टेंबर २०२३ चेच पाहू. तो पाऊस मध्यरात्रीनंतर आणि पहाटे कोसळला. मुले तेव्हा घरात होती. पूर दिवसा, शाळेच्या वेळात आला असता, असे धरून चालू. मग काय हवे? शाळेकडे एक चालू दूरध्वनी, पालकांच्या अद्ययावत क्रमांकांची यादी आणि ठरलेली जबाबदार माणसे. पाचशे मुलांनी एकाच वेळी पाचशे घरी फोन लावले आणि पाचशे पालक गाड्या घेऊन पाण्यात उतरले, तर सुरक्षितता वाढेल की गोंधळ? मुलाला एकट्याने फोनची गरज पडते ती रस्त्यावर: सायकल पंक्चर झाली, बस आली नाही, कुणी पाठलाग करते आहे. मी मांडतो तो नियम रस्त्यावरचा फोन काढून घेत नाही. सकाळी शाळेत शिरेपर्यंत आणि संध्याकाळी बाहेर पडल्यापासून तो मुलाजवळच आहे. रस्त्यासाठी तर साधा बटणांचा फोनही पुरतो.

शिवाय सुरक्षितता एकट्या फोनधारकाची नसते. स्मार्टफोन म्हणजे कॅमेराही. स्वच्छतागृहाच्या दारापाशी, खेळाच्या तासाला, कुणी रडत असताना, कुणी फळ्यापुढे अडखळत असताना हा कॅमेरा काय करू शकतो, हे कोणत्याही शिक्षिकेला विचारा. ज्या मुलीच्या काळजीने फोन शाळेत आणायचा, तिलाच इतर चाळीस कॅमेऱ्यांसमोर उभे करायचे, ही कसली सुरक्षितता?

आता समता. हा मुद्दा प्रतिपक्षाला आपला सर्वांत बळकट वाटतो. माझ्या मते तोच त्याचा सर्वांत दुबळा आहे.

गणवेश का आला? बापाची मिळकत मुलाच्या अंगावर दिसू नये म्हणून. फोन ती मिळकत पुन्हा बाकावर आणून ठेवतो; कुणाचा कोणत्या कंपनीचा आणि कुणाकडे नाहीच, हे पहिल्याच दिवशी साऱ्या वर्गाला कळते. पण याहून मोठी विषमता डोळ्यांना दिसत नाही. २०१५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधन केंद्रातून बेलँड आणि मर्फी यांचा अभ्यास आला. इंग्लंडमधल्या ९१ शाळांनी फोनबंदी आणल्यानंतर परीक्षेतल्या गुणांचे काय झाले, ते त्यांनी तपासले. गुण वाढले. कोणाचे वाढले? सर्वांत मागे असलेल्या मुलांचा लाभ सरासरीच्या दुपटीहून अधिक होता. सर्वांत पुढे असलेल्यांवर काही परिणामच दिसला नाही. स्वीडनमध्ये असाच अभ्यास पुन्हा केला तेव्हा हा लाभ आढळला नाही, हेही इथे नोंदवतो. एका अभ्यासावर निकाल मागण्याची माझी इच्छा नाही.

पण आपल्याच देशातला पुरावा पाहावा. २०२५ मध्ये समोर आलेल्या एका प्रयोगात भारतातल्या १० उच्च शिक्षण संस्थांतले सुमारे १७ हजार विद्यार्थी होते. कोणत्या वर्गात फोन जमा करायचे आणि कोणत्या नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कुणाच्याही मर्जीविना ठरवले गेले. जिथे फोन जमा झाले तिथे गुण वाढले. सरासरी वाढ लहानच होती. पण ती अधिक कोणाच्या पदरात पडली? पुन्हा मागे पडलेल्यांच्या, आणि पहिल्या वर्षाला नव्याने आलेल्यांच्या.

दोन देश, दोन पद्धती, आणि लाभार्थी एकच. याचे कारण अवघड नाही. हुशार मुलाचे वर्गात दहा मिनिटे लक्ष उडाले, तर ती दहा मिनिटे त्याला शिकवणीत, घरी, शिकलेल्या आईजवळ भरून काढता येतात. ज्याची आई चार घरची धुणीभांडी करून परतते आणि ज्याच्या घरात दहावीपर्यंत पोचलेला तो पहिलाच आहे, त्याच्यासाठी गणित भेटते ते फक्त वर्गात. तो तास गेला की गेला. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात नमूद आहे, की एकदा विचलित झालेले मन अभ्यासावर परतायला २० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. आपली तासिका ३५ ते ४० मिनिटांची. हिशेब वाचकांनीच करावा. गरिबाच्या मुलाचा फोन हिरावला जातो, असे प्रतिपक्ष म्हणतो. मी म्हणतो, त्याचा तास हिरावला जातो. फोन त्याला संध्याकाळी परत मिळेल. तास मिळणार नाही.

चौथ्या मुद्द्यातले 'संयम शिकवा, बंदी नको' हे वाक्य ऐकायला फार गोड आहे. त्याची परीक्षा सोपी आहे. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत केंद्रात फोन नेता येत नाही. तिथे कुणी म्हणते का, की मुलांना विवेक शिकवा आणि फोन खिशात राहू द्या? म्हणत नाही, कारण तिथले मोल आपल्याला पटलेले आहे. परीक्षेचे तीन तास पवित्र, आणि ज्या हजार तासांत ती विद्या मिळते ते हजार तास वाऱ्यावर! या विसंगतीचे समर्थन कसे करणार?

आणि संयम कोणाकडे मागतो आहोत? वरच्या प्रयोगातले विद्यार्थी महाविद्यालयीन होते, म्हणजे मतदानाच्या वयाला पोचलेले. फोन जवळ असताना त्यांचेही नुकसान होत होते. तो बाजूला ठेवल्यावर ते कमी झाले. जे वीस वर्षांच्या तरुणाला साधले नाही, ते तेरा वर्षांच्या मुलाने साधावे, अशी अपेक्षा धरणे म्हणजे संयमाचे शिक्षण नव्हे. उपवासाच्या दिवशी आई मुलापुढे जेवणाचे ताट मांडून त्याच्या निग्रहाची कसोटी पाहत नाही. निग्रह वाढायला आधी मोकळी जागा लागते.

मुख्य गोष्ट तर पुढेच आहे. वर्गातले लक्ष हा एकेका मुलाचा खाजगी ऐवज नसतो. नागपूर जिल्ह्यातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. पेंचचा कालवा रामटेक-मौद्याकडे जातो. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने आपल्या मनाप्रमाणे पाणी घेतले तर त्याचा धान पिकतो. कोरडे राहते ते टेलचे, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचे शेत. म्हणून पाणीपाळी ठरवावी लागते. तिथे कुणी म्हणत नाही, की पाळी नको, शेतकऱ्यांना संयम शिकवा. एका बाकावर फोन चमकला की शेजारचे दोघे तिकडे पाहतात, मागचे चौघे कुजबुजतात, शिक्षिकेचे वाक्य तुटते. पिसा २०२२ मध्ये ओईसीडी देशांतल्या सरासरी ५९ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले, की गणिताच्या निदान काही तासांना इतरांच्या उपकरणांमुळे आपले लक्ष विचलित होते. इतरांच्या! सामाईक गोष्ट राखायला सामाईक नियम लागतो.

आता तो २९ टक्क्यांचा आकडा. बंदी असूनही फोन वापरला जातो, हे खरे. त्यावरून बंदी व्यर्थ ठरते की अर्धवट बंदी व्यर्थ ठरते? सूचना फलकावर आणि फोन दप्तरात, ही बंदी नव्हे. सीबीएसईने २००९ मध्येच शाळांतल्या फोनवर निर्बंध घालणारे परिपत्रक काढले होते. कागद त्या वेळीही होता. उणीव कागदाची नाही, फोन ठेवायच्या जागेची आहे.

शेवटचा मुद्दा न्यायालयाचा. दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. अनुप जयराम भंभानी यांनी २८ फेब्रुवारी २०२५ रोजी दिलेला आदेश प्रतिपक्ष वारंवार पुढे करतो. तो महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, हे बाजूला ठेवू. त्यात म्हटले आहे तरी काय? फोन शाळेत आणण्यावर सरसकट बंदी नसावी, पण त्यावर नियंत्रण असावे. जिथे व्यवस्था शक्य आहे तिथे विद्यार्थ्यांनी शाळेत शिरताना फोन जमा करावा आणि घरी जाताना परत घ्यावा. वर्गात वापरावर बंदी असावी. नियम मोडल्यास फोन काही काळ ताब्यात घेता यावा, मात्र शिक्षा अवाजवी कठोर नसावी. हा आदेश माझ्या विरोधात आहे काय? मी मागतो तेच तो सुचवतो. आदेशाचे पहिले वाक्य सांगून पुढची वाक्ये झाकून ठेवणे, हा युक्तिवाद नव्हे.

बर्मिंगहॅमचा अभ्यासही तसाच पूर्ण वाचावा. ३० शाळा, १,२२७ विद्यार्थी. कडक आणि मोकळ्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात लक्षणीय फरक आढळला नाही, हे खरे. पण 'मोकळ्या' म्हटलेल्या शाळांत फक्त मधल्या सुट्टीत किंवा ठराविक जागी फोनला मुभा देणाऱ्या शाळाही होत्या. म्हणजे तुलना फोन असलेला वर्ग आणि फोन नसलेला वर्ग यांची नव्हती. त्याच अभ्यासात असेही दिसले, की कडक शाळांतल्या मुलांचा दिवसभरातला एकूण वापर कमी झालेला नव्हता, आणि जी मुले फोनवर अधिक वेळ घालवतात त्यांचे स्वास्थ्य अधिक खालावलेले असते. यातून निघते ते एवढेच, की शाळेची बंदी घरचा प्रश्न सोडवत नाही. मान्य. शाळेने शाळेचा प्रश्न सोडवावा.

खंडन झाले. केवळ खंडन करून थांबणारा अर्धे कर्तव्य करतो, म्हणून आता मंडन. आणि त्यात माझ्या बाजूच्या मंडळींनाही चार शब्द ऐकून घ्यावे लागतील.

बंदीच्या नावाखाली फोन आपटणे, मुलाला वर्गापुढे उभे करून त्याचे निरोप वाचणे, हे अक्षम्य आहे. शिक्षण हक्क कायद्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध ठरवते. ज्या मधुमेही मुलाच्या रक्तातली साखर फोनशी जोडलेल्या उपकरणावर मोजली जाते, ज्या दिव्यांग मुलाला वाचायला फोन लागतो, त्यांना नियमातच अपवाद हवा. तो मागण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये.

आणि आपण मोठी माणसे? शाळा दिवसा फोन निषिद्ध म्हणते आणि रात्री नऊला व्हॉट्सअॅपवर गृहपाठ धाडते. म्हणजे मुलाच्या हाती फोन शाळाच देते. गृहपाठ वहीत, फळ्यावरून उतरवून घेतलेला असावा. शासनाने शिक्षकांवर हजेरी, पोषण आहार आणि माहितीच्या असंख्य नोंदी अॅपवर भरण्याचे ओझे टाकले आहे; तासाला शिक्षकच खाली मान घालून फोनमध्ये बोटे चालवत असेल, तर मुलांना कोणत्या तोंडाने सांगणार? या नोंदी तासाबाहेर काढल्या पाहिजेत. इथे महाराष्ट्रातल्या दोन गावांचा दाखला बोलका आहे. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सीच्या ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे ठरवले. पहिल्या गावाची तळमळ मी समजू शकतो. अनुकरणीय मला दुसरे वाटते, कारण तिथे भोंगा बापासाठीही वाजतो.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. तोवर प्रत्येक शाळेला एक लाकडी कपाट करून घेता येईल: हजेरी क्रमांकाचे खण, एक कुलूप, किल्ली कार्यालयात. या कामाला मोठा निधी लागत नाही, गावातला सुतार पुरतो. पहिल्या दिवशी मुले कुरकुरतील. आठवड्याभरात मधल्या सुट्टीचा आवाज बदलेल. आणि एखाद्या गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावरचा तो मुलगा, ज्याला आजवर कुणी काही विचारले नव्हते, हात वर करून म्हणेल, "बाई, पुन्हा एकदा सांगा."

त्याची बाजू मी मांडली. निकाल आपण द्यावा.